पाळी जाण्याआधीची अनियमित पाळी: सुरुवात कुठून करायची?

वर्षानुवर्षं महिन्याच्या महिन्याला येणारी पाळी चाळिशीच्या आसपास बदलायला लागते. एकदा वीस दिवसांतच येते, मग दीड-दोन महिने येतच नाही, आणि आली की आठ-दहा दिवस अंगावरून जात राहतं. घरात किंवा शेजारी विषय काढला की बहुतेक वेळा दोनांपैकी एक उत्तर मिळतं. ‘ह्या वयात असं व्हायचंच, सहन कर’ हे एक. ‘पिशवी काढून टाक, कायमची कटकट जाईल’ हे दुसरं. या दोन्ही उत्तरांनी बायकांच्या तब्येतीचं फार नुकसान केलंय. दोन्हींच्या मधे करण्यासारखं पुष्कळ असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचं हे नुकतंच सुरू झालंय, त्यांच्यासाठी.

आधी, शरीरात काय चाललंय ते

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या जवळ जातं. त्यामुळे परदेशी लेख वाचून ‘माझं फारच लवकर सुरू झालं’ अशी धास्ती घेऊ नका. ४२-४३ व्या वर्षी पाळी मागेपुढे होणं आपल्याकडे नेहमीचं आहे. हा काळ सरासरी चार वर्षं चालतो, पण कुणाचा दोन वर्षांत संपतो, कुणाचा आठ वर्षं रेंगाळतो. आई, मावशी, मोठी बहीण यांची पाळी कितव्या वर्षी गेली ते विचारून ठेवा, कारण आपलं वय बरेचदा त्याच्या जवळपास निघतं. मात्र चाळिशीच्या आतच पाळी बंद पडत असेल तर ते वयावर ढकलू नका. त्याची तपासणी वेगळी आणि उपचारही वेगळे. चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान पाळी पूर्ण थांबली तरीही डॉक्टरांना सांगायचं, कारण इस्ट्रोजेन हे हार्मोन लवकर कमी झालं की हाडं आणि हृदय या दोन्हींवर परिणाम होतो.

आता बिघडतं ते नेमकं काय? अंडाशयातून बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर आवरून धरणं आणि ठरल्या वेळी ते पूर्ण गळून पडू देणं, हे त्याचं काम. या वयात एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, पण अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन चालूच. अस्तर वाढत राहतं, जाड होतं, आणि कधीतरी तुकड्यातुकड्यांनी सुटायला लागतं. म्हणूनच लांबलेली पाळी आली की जोरात येते, गाठी पडतात आणि लवकर थांबत नाही. ‘साचलेलं घाण रक्त पडून गेलं, बरंच झालं’ असं म्हणतात ते खरं नाही. ते तुमच्या अंगातलंच चांगलं रक्त असतं.

सुरुवातीला दोन पाळ्यांमधलं अंतर सात किंवा अधिक दिवसांनी पुढेमागे होऊ लागतं. नंतर साठ दिवस किंवा त्याहून मोठा खंड पडायला लागतो. असा खंड पहिल्यांदा पडला की तिथून साधारण एक ते तीन वर्षांत पाळी जाते. पण दोन-तीन महिने आली नाही म्हणजे ‘गेली’ असं नव्हे. सलग बारा महिने एकदाही आली नाही, तरच गेली म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पहिली पायरी: लिहून ठेवा

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘मागची पाळी कधी आली होती?’ या प्रश्नालाच बहुतेकजणी अडखळतात. दुधाचा हिशेब लिहितो ते भिंतीवरचं कॅलेंडर याला पुरेसं आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नको असेल तर छोटी वही ठेवा किंवा मोबाइलमध्ये नोंद करा. तीन महिन्यांची नोंद हातात असली तर तपासणीचा निम्मा वेळ वाचतो.

पाळी सुरू झालेला दिवस आणि थांबलेला दिवस लिहा. अंतर मोजताना पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. बऱ्याचजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग ‘मला पंधरा दिवसांत येते’ असं सांगतात, प्रत्यक्षात अंतर एकवीस-बावीस दिवसांचं असतं. त्या त्या दिवशी किती पॅड बदलले आणि ते पूर्ण भिजले होते की नुसते डागाळले होते, तेही लिहा. कापड वापरत असाल तर किती वेळा बदललं ते. गाठी पडल्या का, रात्री कपडे-अंथरूण खराब झालं का, दोन पाळ्यांच्या मधे डाग लागला का, संबंधानंतर रक्त दिसलं का, याचीही खूण करा. संबंधानंतरचं रक्त सांगायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. पण पिशवीच्या तोंडाच्या आजाराची ती एक महत्त्वाची खूण आहे, म्हणून ती नोंद गाळू नका.

दुसरी पायरी: साधं कुठे संपतं ते ओळखा

पाळीचं अंतर बदलणं या वयात स्वाभाविक आहे. खूप रक्त जाणं मात्र कोणत्याही वयात स्वाभाविक नाही. या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

पुढचं काहीही होत असेल तर दिवस न घालवता डॉक्टरांची वेळ घ्या:

- पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालते, किंवा एकवीस दिवसांच्या आत पुन्हा येते
- दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, रात्री त्यासाठी उठावं लागतं
- दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात
- दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसतं
- जिना चढताना दम लागतो, छातीत धडधडतं, कामाचा उरक राहिला नाही
- तीन महिन्यांपेक्षा मोठ्या खंडानंतर जोरात रक्तस्राव सुरू झाला

आणि तासाला एक पॅड पूर्ण भिजतो आहे, सलग दोन-तीन तास हेच चाललंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, असं असेल तर वेळ घेत बसू नका. कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा. गावात असाल तर १०८ ला फोन करा.

तिसरी पायरी: गरोदरपणाची चाचणी

हे वाचून अनेकींच्या कपाळाला आठ्या पडतील. मुलं लग्नाला आली, आता कसलं गरोदरपण? पण या काळात बीज अनियमित का होईना, बाहेर पडत असतं. पाळी लांबली की ती ‘जातेय’ असंच धरून चालतात, आणि कळतं तेव्हा तीन-चार महिने उलटलेले असतात. नसबंदी झालेली नसेल आणि संबंध असतील तर पाळी लांबल्यावर आधी औषधाच्या दुकानातून किट आणून घरीच लघवीची चाचणी करा. आशाताईंकडेही ‘निश्चय’ किट असतं. नसबंदी झालेली असली तरी पोटात एका बाजूला दुखून रक्त जात असेल तर चाचणी करायलाच हवी, कारण नळीत गर्भ राहण्याची शक्यता अगदी शून्य नसते.

गर्भनिरोधन कधी थांबवायचं याचा नियम सरळ आहे. पन्नाशीनंतर पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीच्या आत गेली असेल तर दोन वर्षं ते चालू ठेवायचं.

चौथी पायरी: डॉक्टरांकडे जाताना आणि गेल्यावर

‘पाळी थांबल्यावर जाईन’ म्हणून थांबू नका. थांबतच नाही हीच तर तक्रार आहे, आणि रक्तस्राव चालू असतानाही तपासता येतं. नोंदीची वही, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, थायरॉइडची गोळी, कुणी दिलेली काढे-चूर्णं, सगळं सांगा.

सहसा आधी सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोनोग्राफी सांगतात. शरीरातला लोहाचा साठा बघायला फेरिटिन करून घेता आलं तर उत्तम, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा झालेला असू शकतो. पिशवीच्या तोंडाची तपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर तीही करून घ्या. तीस वर्षांपुढच्या बायकांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते.

एफएसएच या हार्मोनच्या तपासणीबद्दल बरंच विचारलं जातं. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर सहसा तिची गरज नसते. या काळात हे हार्मोन आठवड्या-आठवड्याला वरखाली होतं, त्यामुळे आजच्या आकड्यावरून पाळी कधी जाईल ते कळत नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या आतल्या बाईसाठी मात्र ती तपासणी उपयोगी असते.

वय पंचेचाळीसच्या पुढे असेल आणि रक्तस्राव विचित्र असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगितला जातो. वजन खूप जास्त असेल, मधुमेह असेल, पूर्वीपासून पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबत राहण्याचा विकार) असेल किंवा घरात गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर त्याआधीही. तुकडा म्हटलं की पोटात गोळा येतो. पण बहुतेकदा एका बारीक नळीने, भूल न देता, ओपीडीतच काही मिनिटांत तो घेतात. पाळीत दुखतं तशी जोराची कळ येते आणि काही वेळाने ओसरते. हा तुकडा टाळू नका. जाड झालेलं अस्तर साधं आहे की बिघडलेलं, हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. त्यासाठी ते सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमधले शब्द वाचून रात्र जागवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

‘बल्की युटेरस’ म्हणजे पिशवी थोडी मोठी दिसते आहे, एवढंच. बाळंतपणं झालेल्या अनेकींची तशी दिसते. तो आजार नाही आणि तेवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही. ‘फायब्रॉइड’ म्हणजे पिशवीच्या स्नायूंची गाठ. ती फार मोठ्या प्रमाणात आढळते, जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते, आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व. अस्तराच्या बाजूला डोकावणारी लहान गाठही खूप रक्त घालवते, आणि बाहेरच्या अंगाला असलेली मोठी गाठ काही त्रास देत नाही. ‘अडेनोमायोसिस’ म्हणजे अस्तर पिशवीच्या स्नायूंत शिरणं, त्यात जास्त रक्ताबरोबर पोटात खूप दुखतं. ‘पॉलिप’ म्हणजे अस्तराचा लोंबणारा कोंब, दुर्बिणीने तो काढता येतो. अंडाशयात पाण्याने भरलेली लहान, साधी गाठ दिसली तर ती बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करायची.

एका शब्दाकडे नीट बघा: ‘हायपरप्लेझिया’. म्हणजे अस्तर प्रमाणाबाहेर वाढलंय. एटिपिया म्हणजे पेशींचं रूप बिघडणं. पुढे ‘एटिपिया नाही’ असं लिहिलं असेल तर प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांनी ते बहुतेकींचं पूर्ववत होतं, फक्त ठरल्या वेळी पुन्हा तुकडा तपासावा लागतो. ‘एटिपिया आहे’ असं असेल तर प्रकरण गंभीर आहे. तिथे पिशवी काढण्याचा सल्ला योग्य असतो आणि तो लांबणीवर टाकू नये.

पाचवी पायरी: उपचार

कारण सापडलं नाही, नुसता हार्मोनचा गोंधळ आहे, तर औषधांनी बहुतेकींचं भागतं. ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या रक्तस्राव जास्त असलेल्या मोजक्या दिवसांतच घ्यायच्या असतात. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या घेऊ नयेत, म्हणून त्या स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणं आणि रक्त दोन्ही थोडं कमी होतं. महिन्यातले ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या की अस्तर वेळेवर आणि पूर्ण पडतं. गोळ्या थांबल्यावर दोन-चार दिवसांनी पाळी येते, तेव्हा घाबरून पुन्हा गोळी सुरू करू नये.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफेन ही गोळीही या तक्रारीवर दिली जाते. दुकानात ती ‘सहेली’ म्हणून आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ‘छाया’ म्हणून मिळते. तिच्यात हार्मोन नसतात. तिने पाळी लांबू शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा चांगला उपाय म्हणजे हार्मोनची तांबी, ‘मिरेना’ या नावाने ती ओळखली जाते. साधी तांबी रक्तस्राव वाढवू शकते, ही मात्र तो पुष्कळ कमी करते, कित्येकींचा ९० टक्क्यांपर्यंत. निदान पाच वर्षं चालते आणि गर्भनिरोधनही होतं. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून कितीतरी जणी कंटाळून ती काढून टाकतात. तेवढा काळ धीर धरा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही पाळी नियमित करतात, पण रक्तदाब, धूम्रपान, अर्धशिशी यांपैकी काही असेल तर या वयात त्या धोक्याच्या ठरतात.

सणावाराला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल एक कळकळीची विनंती. ज्येष्ठागौरी, घरातलं लग्न, सत्यनारायण, वारी, अशा वेळी या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी त्या सुरू करायच्या असतात. पण तुमची तारीखच ठरलेली नाही, तेव्हा ‘आधी’ म्हणजे कधी? मग भलत्याच दिवशी सुरू होतात, मधेच डाग लागतो, डोस वाढवला जातो, आणि महिनाभर रक्तस्रावाचं तंत्र बिघडतं. वर त्यामुळे डॉक्टरांना मूळ कारण शोधणंही कठीण होतं. गौरी पाळीसकट पुजल्या तरी चालतील की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, पण गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

रक्त भरून काढणं

महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे आधीच कमी असलेल्या रक्तातून हे जात असतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या बीट-खजुरावर विसंबू नका. लोहाची गोळी लागतेच. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून निदान एक-दोन तास लांब ठेवा. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे. पोट बिघडत असेल तर दिवसाआड घेण्याबद्दल विचारा, अशाने लोह अंगी लागतं आणि त्रासही कमी होतो. हळीव, पालेभाज्या, कडधान्यं आणि लोखंडी कढई सोबत हवीच, मटण-मासे चालत असतील तर तेही. आकडा सुधारला तरी गोळ्या पुढे निदान तीन महिने चालू ठेवायच्या, कारण साठा भरायला वेळ लागतो.

‘पिशवी काढा’ असं सांगितलं तर

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या चौकशीत, पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकजणी तिशीतल्या होत्या. पाळीत कामाला खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि वर कर्करोगाची भीती. त्या बायकांपुढे दुसरा मार्गच ठेवला गेला नव्हता. तुमच्यापुढे तो ठेवला जातोय की नाही, ते तुम्ही विचारून घ्या.

विचारायचं ते असं. नेमकं कारण काय सापडलं? अस्तराचा तुकडा तपासला का? औषधं किंवा हार्मोनची तांबी वापरून बघता येईल का, नसेल तर का नाही? आणि अंडाशयं ठेवणार की तीही काढणार? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दोन्ही अंडाशयं काढली की इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. वाफा, झोपमोड, कोरडेपणा हे सगळं एकदम अंगावर येतं आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचा काळ थोडा अलीकडे येऊ शकतो. कर्करोग, एटिपिया, किंवा सगळे उपाय करूनही न आवरणारा रक्तस्राव असेल तर ऑपरेशन योग्य आहे, आणि तेव्हा ते घाबरून टाळू नये. बाकी वेळी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याइतका वेळ जवळजवळ नेहमीच असतो. कुणी ‘उद्याच दाखल व्हा’ म्हणालं तर रिपोर्टच्या प्रती मागून घ्या, त्या तुमच्या हक्काच्या आहेत. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दाखवता येतात.

बारा महिने झाल्यावर

शेवटच्या पाळीची तारीख वहीत ठळक लिहून ठेवा. तिथून वर्ष उलटलं की पाळी गेली. त्यानंतर लागलेला एकही डाग, अगदी फिकट गुलाबी असला तरी, ‘पाळी परत आली’ म्हणून सोडून द्यायचा नाही. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधं निघतं, योनीमार्ग किंवा अस्तर कोरडं आणि पातळ झाल्याचं. पण साधारण दहातल्या एकीला अस्तराचा कर्करोग असतो, आणि तो लवकर सापडला तर बहुधा पूर्ण बरा होतो. त्याच आठवड्यात खालून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करून घ्या. अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर धोका फारच कमी. त्याहून जाड असेल किंवा डाग पुन्हा लागला, तर तुकडा तपासून घ्यायचा.